घरच्या घरी कोरियन बार्बेक्यू: मांसाआधी बानचान

हळदपान

कोरियन बार्बेक्यू घरी करायचा म्हटलं की पहिली चौकशी मांसाची होते. कुठला तुकडा घ्यायचा, मुरवायचं कशात, जाळी कुठली. मी दक्षिण कोरियातल्या सुवॉनमध्ये राहते, आणि इथल्या घरांतला क्रम याच्या उलटा आहे. आदल्या दिवशी बानचान, म्हणजे जेवणाबरोबरचे छोटे छोटे पदार्थ. त्या दिवशी सकाळी पानं धुऊन निथळत ठेवायची. मांस अगदी शेवटी, तेही बहुतेक वेळा काहीही न लावता. आपल्या मंडळींच्या घरगुती प्रयोगांचे फोटो बघते तेव्हा मांस उत्तम भाजलेलं असतं आणि शेजारी दुकानातल्या किमचीची एक वाटी एकटी बसलेली असते. म्हणून हा धागा.

थोडं गावाबद्दल. सुवॉन हे काल्बीचं, म्हणजे बीफच्या बरगड्यांचं गाव. राजा जोंगजोने १७९४ ते १७९६ या काळात इथे ह्वासोंग किल्ला बांधला, आणि पुढे इथला गुरांचा बाजार मोठा नावाजला. जिथे जनावरांची खरेदी-विक्री तिथे बरगड्याही चांगल्या मिळणार. इथली काल्बी सोया सॉसऐवजी मिठात मुरवतात, त्यामुळे ती भाजल्यावर काळपट दिसत नाही आणि मांसाची चव झाकली जात नाही. पण काल्बी हॉटेलात जाऊन खायची. घरी जे वरचेवर होतं ते सामग्योपसाल, म्हणजे डुकराच्या पोटाकडचं चरबी आणि मांसाचे थर असलेलं मांस. ‘साम’ म्हणजे तीन, आणि ३ मार्चला तारखेत दोनदा तीन येतात म्हणून इथे सामग्योपसालचा दिवसच असतो. त्या आठवड्यात सुपरमार्केटात पोर्क स्वस्त होतं आणि संध्याकाळी आमच्या इमारतीच्या जिन्यात सगळ्या मजल्यांवर तोच वास असतो.

सामग्योपसालला मसाला नाही. जाडी सात-आठ मिलिमीटर ते एक सेंटिमीटर. माणशी दोनशे ग्रॅम पुरतं. मांस कागदाने कोरडं करायचं, बिडाचा जाड तवा चांगला तापवायचा, तेल घालायचं नाही. पट्ट्या लांबच्या लांब ठेवायच्या आणि वरच्या बाजूला ओलसर थेंब दिसेपर्यंत हात लावायचा नाही. मग उलटायचं. दुसरी बाजू रंगली की कात्रीने तव्यावरच घासाएवढे तुकडे करायचे आणि कापलेल्या कडा भाजून घ्यायच्या. सुटलेल्या चरबीत लसणाचे काप आणि थोडी आंबट झालेली किमची परतायची. इथले तवे एका बाजूला उतरते असतात, वर मांस आणि उतारावर किमची. कच्च्या मांसाचा चिमटा वेगळा, शिजलेल्याचा वेगळा, हे मात्र पाळाच.

खाताना तळहातावर लेट्यूसचं पान, त्यावर क्केन्निपचं (पेरिलाचं) सुगंधी पान, मांसाचा तुकडा, लसणाचा काप, हिरव्या मिरचीची चकती आणि बोटाच्या टोकाएवढं स्सामजांग (सोयाबीन-मिरचीची घट्ट चटणी). गुंडाळून एका घासात. अर्धं चावून उरलेलं हातात धरायचं नाही, म्हणून पान भरताना हावरेपणा नको.

स्सामजांग विकत मिळतं, पण घरचं फार चांगलं होतं. तीन मोठे चमचे देन्जांग (मुरवलेल्या सोयाबीनची पेस्ट), एक मोठा चमचा गोचुजांग (मुरवलेल्या मिरचीची पेस्ट), एक चमचा भाजलेल्या तिळाचं तेल, एक छोटा चमचा वाटलेला लसूण, तेवढाच मध, बारीक चिरलेली कांद्याची पात, कुटलेले तीळ. कालवायचं आणि तासभर ठेवायचं. चौघांना पुरून उरतं.

आता बानचान. चौघांसाठी चार पुरेत, पण चारही एकाच चवीचे नकोत. चरबीचं मांस असेल तर एक आंबट, एक तिखट, एक साधं हिरवं आणि एक मऊ हवं. मी बहुधा हे करते:

आंबट: मुळ्याचे पातळ गोल काप. व्हिनेगर, साखर, पाणी समप्रमाणात, चवीला मीठ. साखर विरघळली की काप बुडवून रात्रभर फ्रिजमध्ये. पानाऐवजी यातच मांस गुंडाळूनही खातात.

तिखट: पाजोरी. कांद्याच्या पातीच्या लांब बारीक सळ्या करून दहा मिनिटं गार पाण्यात ठेवायच्या, म्हणजे उग्रपणा जातो. निथळून गोचुगारू (कोरियन भरड तिखट), व्हिनेगर, साखर, सोया सॉस, तिळाचं तेल. हे मात्र अगदी वाढताना कालवायचं, नाहीतर पात मान टाकते.

हिरवं: शीगुम्ची नामुल, म्हणजे पालक. खारट उकळत्या पाण्यात तीस सेकंद, लगेच गार पाण्यात, मग दोन्ही तळव्यांत घट्ट पिळून. एका मध्यम जुडीला अर्धा छोटा चमचा लसूण, एक छोटा चमचा सोया सॉस, दोन छोटे चमचे तिळाचं तेल, वरून तीळ. पिळण्यात कसूर केली तर वाटीच्या तळाशी पाणी साठतं आणि चव पुसली जाते.

मऊ: ग्येरानच्चिम. चार अंडी, जवळजवळ तेवढंच पाणी किंवा मासळीचा पातळ स्टॉक, मीठ. मातीच्या जाड भांड्यात मंद आचेवर ढवळत राहायचं, अर्धवट घट्ट झालं की झाकण घालून फुगू द्यायचं. हे गरम गरमच, म्हणून मांसाचा पहिला घाणा तव्यावर गेला की लावायचं.

प्रश्न विचारा, जमेल तसं लिहीन.

पाटावरवंटा

धागा आवडला, वाचनखूण साठवली. म्हणजे मांस हा पाहुणा आणि खरं जेवण ताटाच्या डाव्या बाजूला, असंच ना? आमच्याकडे पुण्यात कोरियन किराणा दुकानं आहेत, गोचुजांग आणि देन्जांग मिळतं. पण क्केन्निप क्वचित दिसतं आणि दिसलं तरी महाग. त्याऐवजी काय? शिवाय आमच्याकडे पोर्क कोणी खात नाही, बीफही नाही. चिकनचं काही आहे का, की सगळं डुकरावरच अडतं?

हळदपान

पाटावरवंटाताई, क्केन्निप पुदिना-तुळशीच्या कुळातलं आहे. तिळाच्या झाडाचं पान म्हणून कोणी सांगितलं तर ते नव्हे. त्याच चवीचं दुसरं पान नाही, लेट्यूसमध्ये पुदिन्याची दोन पानं घातली तर निदान सुगंधाची जागा भरते. पण मी सांगेन की कोबी वापरा. कोबीची पानं वाफवून, गार करून त्यात स्साम, म्हणजे पानात गुंडाळलेला घास, बांधणं ही इथलीच जुनी पद्धत आहे, पर्याय म्हणून काढलेली नाही. देठाची जाड शीर सुरीने तासून घ्या म्हणजे पान वळतं.

चिकनसाठी डाकगाल्बी. हे चुनचॉन गावचं, १९६०च्या दशकात तिथे स्वस्त जेवण म्हणून सुरू झालं. अर्धा किलो चिकन थाय, हाड काढलेलं. दोन मोठे चमचे गोचुजांग, दोन गोचुगारू, एक सोया सॉस, एक साखर, एक लसूण, थोडं आलं आणि चिमूटभर करी पावडर. हो, करी पावडर. इथल्या पुष्कळ घरांत घालतात. तासभर मुरू द्या. मोठ्या पसरट तव्यावर कोबीचे मोठे तुकडे, रताळ्याचे काप, कांदा आणि वर चिकन. रताळं पातळ कापा, नाहीतर चिकन शिजून जातं आणि ते कच्चं राहतं. गोचुजांगमध्ये साखर असते, त्यामुळे आच मध्यम ठेवून सतत हलवत राहायचं.

दगडफूल

मी दक्षिण कोरियातच, उल्सानला असतो. वर सगळं बरोबर लिहिलंय, फक्त शेगडीबद्दल लिहायलाच हवं, कारण टेबलावरच्या गॅसच्या छोट्या शेगडीला लोक खेळणं समजतात.

त्या शेगडीत ब्युटेनचा डबा बाजूला आडवा बसतो. तवा इतका मोठा घेतला की तो डब्याच्या वर येतो, तर तव्याची उष्णता डब्यावर परावर्तित होते, आतला दाब वाढतो आणि डबा फुटू शकतो. इथे असे अपघात झालेले आहेत. म्हणून तवा शेगडीच्या चौकटीच्या आतच राहिला पाहिजे. तव्याखाली किंवा बर्नरभोवती अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळू नका. दोन शेगड्या एकमेकींना चिकटवून त्यावर एक लांब तवा ठेवू नका. डबा खाचेत नीट बसला का ते पेटवण्याआधी पाहा आणि जेवण झालं की काढून ठेवा.

दुसरं, कोळसा घरात नाही. खिडकी उघडी असली तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोकं जड झाल्याचं कळेपर्यंत उशीर झालेला असतो. बंद केलेली बाल्कनीही घरातच धरा.

आणि थंडीत उघड्यावर शेगडी मिणमिणते ती बिघडलेली नसते. ब्युटेन साधारण शून्य अंशाखाली वायूत रूपांतरित होत नाही. त्यावर डबा गरम पाण्यात ठेवणे वगैरे उपाय कोणी सांगितले तर ऐकू नका, आत येऊन जेवा.

पाटावरवंटा

दगडफूल, हे लिहिलंत ते फार बरं झालं. आमच्याकडे ती शेगडी नाहीच. स्वयंपाकघरात ओट्यावर लोखंडी तव्यावर करून दोन-तीन घाण्यांत बाहेर आणलं तर चालेल ना?

हळदपान

अगदी चालेल. मी लहान मुलं घरी येणार असतील तर तसंच करते. एकदम सगळं भाजून ठेवू नका, एवढंच. अर्धा तवा रिकामा दिसला पाहिजे. तवा भरला की मांसाला पाणी सुटतं आणि ते भाजायच्याऐवजी उकडतं. पोर्क करणाऱ्यांसाठी आणखी एक, चरबी सिंकमध्ये ओतू नका. थिजल्यावर कागदाने पुसून कचऱ्यात टाका.

मडगावकार

आमच्या गोव्यात पोर्क बाजारात सहज मिळतं, पण पोटाकडचं मांस कातडीसकट देतात. कातडी काढून टाकायची का? आमच्याकडे सोर्पोतेलला ती ठेवतात, म्हणून विचारतोय.

हळदपान

काढू नका! जेजू बेटावर कातडीसकटच खातात. त्याला ओग्योपसाल म्हणतात. फक्त मांस अर्धवट गोठवून कापा म्हणजे कातडी सुरीखालून निसटत नाही, आणि भाजताना कातडीची कड तव्यावर उभी धरून वेगळी भाजा. जेजूला काळ्या डुकराच्या मांसाबरोबर मेलजोत देतात. मुरवलेल्या छोट्या मासळीचा तो खारट रस्सा तव्याच्या कडेला वाटीतच उकळत ठेवतात आणि त्यात मांस बुडवून खातात. गोव्यातल्या माणसाला त्याचा वास परका वाटणार नाही.

खलाशी

मासळीचा विषय निघालाच आहे तर किमचीबद्दल. मी मालवणचा. किमचीत घालतात ते सेउजोत, म्हणजे खारवलेली बारीक कोळंबी, ही आपल्या जवळ्याच्याच वंशातली. आपला जवळा अॅसेटिस इंडिकस, तिकडचा त्याच अॅसेटिस वंशाचा. फरक मुरवण्यात. आपण उन्हात सुकवतो, ते मिठात घालून ठेवतात. मी सुका जवळा निवडून, धुऊन, मिठाच्या पाण्यात थोडा भिजवून वाटतो आणि किमचीच्या मसाल्यात घालतो. वास थोडा भाजका येतो पण गोडवा चांगला उतरतो. तिखटासाठी बेडगी, बिया काढून. संकेश्वरी घालू नका, जिभेला झोंबेल आणि रंग मिळणार नाही.

हळदपान

खलाशीदादा, बेडगीबद्दल शंभर टक्के सहमत. गोचुगारूचं काम रंग, थोडा गोडसरपणा आणि भरडपणा हे आहे, तिखटपणा त्यानंतर. म्हणून बेडगी मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा, पीठ होऊ देऊ नका. मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली, कोरियातही ती बाहेरूनच पोचली. त्याआधी इथली खारवलेली भाजी लाल नव्हती, आणि आजही पांढरी किमची घरोघर होते.

जवळ्याबाबत माझं मत थोडं वेगळं आहे. सुक्या जवळ्यात मुरण्याची आंबूस खोली नसते. तो घालाच, पण त्याबरोबर एक-दोन चमचे फिश सॉसही घाला.

बाकी प्रमाण असं. दोन किलो चायनीज कोबी (लांबट, फिक्या पानांचा) उभा चिरून, दोनशे ग्रॅम जाडं मीठ पानांच्या मुळाशी जास्त आणि शेंड्याला कमी असं चोळून, मधूनमधून उलटत चार-पाच तास. पान न मोडता वाकलं की झालं. तीन पाण्यांत धुऊन तासभर पालथं निथळत ठेवायचं. तांदळाच्या पिठाची पातळ खळ शिजवून गार करायची आणि तीत तिखट, लसूण, आलं, फिश सॉस, जवळा, मुळ्याच्या सळ्या, कांद्याची पात. एकेका पानाला आतून माखायचं. बरणी गळ्यापर्यंत भरू नका, वर चार बोटं जागा सोडा आणि दाबून हवा काढा. सुवॉनच्या थंडीत मी ती दोन दिवस बाहेर ठेवते. कोकणात किंवा पुण्याच्या उन्हाळ्यात एक दिवसही जास्त होईल, बुडबुडे दिसले की फ्रिजमध्ये.

इथे नोव्हेंबर-डिसेंबरात शेजारणी, बहिणी, सासवा-सुना जमून वर्षाची किमची घालतात, तो किमजांग. युनेस्कोने २०१३ मध्ये त्याला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. यादीपेक्षा मला त्यातली वाटणी जास्त भावते. घातलेल्या किमचीतली एक डबी ज्याच्या घरी किमजांग होत नाही त्याच्याकडे जाते, आणि मी इथे परकी असूनही ती माझ्या दारात येते.

रानजाई

आम्ही शाकाहारी. चातुर्मासात कांदा-लसूणही नाही. इतकं सुंदर वर्णन वाचून हळहळ वाटली. आमच्यासाठी या ताटात काही उरतं का? खरंच विचारतेय, लेकीला कोरियन जेवणाचं फार वेड आहे.

हळदपान

रानजाईताई, तुमच्यासाठी तर इथे एक अख्खी परंपरा आहे. कोरियातल्या बौद्ध मठांच्या स्वयंपाकात मांस-मासे नसतातच, आणि पाच उग्र गोष्टीही वर्ज्य असतात. लसूण, कांद्याची पात, बुचू नावाची लसणीसारखी पात, रानटी पात, आणि हंगगो, जो ग्रंथांच्या परंपरेत हिंग मानला जातो. म्हणजे तुमचा चातुर्मास आणि त्यांचं रोजचं जेवण फार लांब नाही, फक्त त्यांनी हिंगही सोडला. बेग्यांगसा मठातल्या भिक्खुणी जोंग ग्वान यांच्या स्वयंपाकाची कीर्ती जगभर आहे, आणि त्या याच नियमांत शिजवतात.

चव आणायची ती मुरलेल्या सोयाबीनमधून, मशरूममधून आणि तिळातून. सुके शिताके मशरूम आणि कोम्बू समुद्रशेवाळ गार पाण्यात रात्रभर भिजवलं की त्याचा स्टॉक होतो, फिश सॉसच्या जागी तो आणि सोया सॉस. किमचीत लसणाऐवजी आलं वाढवा आणि खळीत किसलेलं सफरचंद किंवा नाशपाती घाला.

तव्यावर किंग ऑयस्टर मशरूम उभे जाड चिरून, आडव्या चिरा पाडून, तिळाच्या तेलात भाजा. मीठ शेवटी. टोफू अर्धा तास वजनाखाली दाबून, दोन्हीकडून कुरकुरीत. रताळ्याचे काप, भोपळ्याचे काप. स्सामजांगमधून लसूण आणि पात काढा, त्याऐवजी कुटलेले अक्रोड घाला. पाकिटातलं गोचुजांग घेताना घटक नक्की वाचा, काहींत लसूण आणि कांदा असतो.

दगडफूल

रानजाईताई, मोड आलेल्या सोयाबीनचं खोंगनामुलही करा. उकडताना एक नियम आहे, झाकण घालायचं तर शेवटपर्यंत काढायचं नाही, किंवा सुरुवातीपासूनच उघडं ठेवायचं. मध्येच झाकण उघडलं की कच्च्या सोयाबीनचा वास भाजीत राहतो, असं इथलं प्रत्येक घर सांगतं. पाच-सहा मिनिटं पुरतात. मग मीठ, तिळाचं तेल, तीळ. लसणाशिवायही छान लागतं. आणि तेल भाजलेल्या तिळाचंच. आपल्या घाण्याचं तेल गुणी आहे पण त्याला तो भाजका वास नसतो. ते वापरायचं असेल तर तीळ खरपूस भाजून, गरम असतानाच कुटून त्यात घाला.

मडगावकार

बुल्गोगीबद्दल, म्हणजे मुरवून भाजलेल्या मांसाच्या पातळ कापांबद्दल, कोणी लिहिलं नाही. मांस मऊ व्हायला कच्ची पपई चालते काय? आम्ही मटणाला लावतो.

हळदपान

बुल्गोगीचे काप दोन-तीन मिलिमीटरचे असतात, त्यामुळे पपई लावली तर अतिशय जपून. पपई, अननस आणि किवी या तिन्हींतली एन्झाइम्स जोरकस आहेत. पातळ मांस अर्ध्या तासात मऊ होतं आणि दोन तासांत पिठूळ. इथे किसलेलं कोरियन नाशपाती घालतात, ते सौम्य असतं आणि गोडवाही देतं. आपल्याकडची रसाळ नाशपाती आणि थोडा किसलेला कांदा घेतलात तर रात्रभर ठेवायलाही भीती नाही.

प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे. दर शंभर ग्रॅम मांसाला एक मोठा चमचा सोया सॉस आणि अर्धा चमचा साखर. बाकी लसूण, मिरपूड, तिळाचं तेल अंदाजाने. पोर्कच्या खांद्याच्या मांसालाही हेच चालतं. आणि बुल्गोगी असेल त्या दिवशी बानचानमधला गोड-आंबट मुळा काढून साधी पालकाची किंवा सोयाबीनची भाजी वाढवा. मांसच गोड आहे, त्याला जोडीला आणखी गोड नको. बानचान आधी ठरवायचे म्हणते ते यासाठीच.

पाटावरवंटा

ताई, रविवारी डाकगाल्बी, कोबीची पानं, मुळा, पालक आणि पाजोरी असं ठरलंय. किमची अजून चार दिवसांचीच आहे. शेवटी तव्यावर भात परततात म्हणे, त्याला ती चालेल का?

दगडफूल

परतायला जुनी आंबट किमची जास्त चांगली, पण चार दिवसांची असेल तर अर्धा चमचा व्हिनेगर घाला, काम होईल. डाकगाल्बीचा रस्सा आणि थोडे तुकडे तव्यात मुद्दाम राखून ठेवा, सगळं वाढून टाकू नका. त्यात बारीक चिरलेली किमची, मग गार मोकळा भात. ताजा वाफाळता भात चिकट होतो. चुरलेला भाजका समुद्रशेवाळ आणि तिळाचं तेल शेवटी. मग भात उलथन्याने तव्यावर पातळ दाबून पसरा, आच मंद करा आणि तीन-चार मिनिटं अजिबात हलवू नका. तळाला खरपूस पापुद्रा धरेल. गॅस बंद करून दोन मिनिटं थांबलात तर तो आपोआप सुटतो, नाहीतर तव्यालाच राहतो.